सरकत्या भिंतीचं छप्पर

सुरूच्या बनात आमच्या तंबूशेजारी एक कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घरच, उभी होती. बटण दाबलं की तिची एक भिंत पलंगासकट बाहेर सरकायची. निघायच्या सकाळी तिचे मालक, सत्तरीचे गृहस्थ, शिडीवर चढून त्या बाहेर आलेल्या भागाचं छप्पर जुन्या धोतराने पुसत होते, सुरूच्या काड्या वेचत होते.

“पाऊस तर थांबलाय,” मी म्हटलं.

“ओलंच आत घेतलं की पाणी रबराच्या पट्टीखालून फळ्यांत मुरतं. एकदा घाई केली, अख्खा तळ कुजला.”

घर जिथून वाढतं, तिथेच त्याला फट राहते. मीही रोज ऑफिस न पुसता, तसंच अंगावर घेऊन घरी जेवायला बसतो.

कडा बोटाने चाचपून त्यांनी बटण दाबलं. कोरडी भिंत सावकाश आत गेली. आमचा तंबू मी मघाशीच ओला गुंडाळून डिकीत टाकला होता.