पंचनाम्यातलं शिसव

ती घटना मला आठवावी लागत नाही. कुठे जुनं फर्निचर दिसलं की माझा हात आपोआप त्याच्या खालच्या, पॉलिश न लागलेल्या बाजूला जातो, आणि ती समोर उभी राहते.

नगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, कर्जतच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका निवृत्त गुरुजींच्या घरी घरफोडी झाली. चोरांनी तांब्याची भांडी, समया आणि गुरुजींच्या वडिलांचं पोथी वाचायचं बैठं मेज नेलं. उतरत्या झाकणाचं, काळंभोर, शिसवी. भांड्यांबद्दल गुरुजींनी पुन्हा कधी विचारलं नाही. मेजासाठी मात्र ते रोज सकाळी ठाण्यात येऊन बाकावर बसत.

तिसऱ्या आठवड्यात खबर मिळाली. मशिदीमागच्या गल्लीत एक सुतार जुन्या वस्तू दुरुस्त करून पुण्याच्या व्यापाऱ्याला पाठवायचा. त्याच्याकडे तसंच काळं मेज आलं होतं. त्याला सगळे मिस्त्री म्हणत, मीही तेच म्हणतो. आम्ही दोन पंच आणि गुरुजींना घेऊन गेलो. मी गुरुजींना विचारलं, "हेच ना?" असं विचारायचं नसतं. ज्याची वस्तू हरवलेली असते त्याला ती सगळीकडे दिसते. गुरुजींनी झाकणावर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. मला तेवढं पुरे झालं.

पोलिसांची एक जुनी शिस्त आहे. अंगठी जप्त केली तर पंचनाम्यात ती 'सोन्याची' लिहीत नाहीत. 'पिवळ्या धातूची, सोन्यासारखी दिसणारी' असं लिहितात, कारण ती सोन्याची आहे की नाही ते सराफ सांगेल. लाकडाला ही शिस्त लावावी असं मला सुचलं नाही. मी लिहून घेतलं, 'शिसवी लाकडाचे जुने मेज, एक.'

मिस्त्री तेव्हाच म्हणाला, "साहेब, हे शिसव न्हाई. बाभूळ हाय. काळं पॉलिश मीच मारलंय. एकदा रंधा मारू द्या, सालपट निघालं की कळंल."

मुद्देमालाला हात लावता येत नाही, असं सांगून मी मेजाला लाखेचं सील लावलं आणि मिस्त्रीला गाडीत बसवलं.

कोठडीत मी त्याला साथीदारांची नावं विचारत राहिलो. तो एकच सांगत होता, की मेज आठवडी बाजारात भंगारवाल्याकडून घेतलं, पाय मोडलेले होते, ते नवे बसवले. पावती नव्हती. खोटं बोलणारा माणूस तिसऱ्या खेपेला गोष्टीत भर घालतो. मिस्त्री एक शब्द वाढवत नव्हता की गाळत नव्हता. ते मला दिसत होतं. तरी मी त्याच्या कानाखाली मारली. ही नोंद कुठेही नाही.

चौथ्या दिवशी ठाण्यातला हवालदार माझ्या खोलीत आला आणि त्याने दार लोटून घेतलं. मुद्देमालाची खोली झाडताना त्याने मेज आडवं केलं होतं. खालून पॉलिश पोचलं नव्हतं. "साहेब, आमचा बाप बैलगाड्या करायचा," तो म्हणाला. "बाभळीच्या भुशात वाढलोय मी. मिस्त्री खरं बोलतोय."

त्याच दिवशी वरिष्ठांनी फोनवर शाबासकी दिली होती. पेपरात माझा फोटो आला होता. मी हवालदाराला म्हणालो, "सुतारकी करायची असेल तर राजीनामा दे." तो सॅल्यूट करून गेला. केस डायरीत मी लिहिलं, 'तपास चालू आहे.'

मिस्त्री तिथून नगरच्या जेलमध्ये गेला. आणखी पंधरा दिवस.

मग शेजारच्या जिल्ह्यात एक टेम्पो पकडला गेला. त्यात गुरुजींचं खरं मेज होतं. या वेळी ते रडले नाहीत. त्यांनी झाकण उघडून आतला वडिलांच्या हातून सांडलेल्या शाईचा डाग दाखवला आणि विचारलं, "मग त्या मिस्त्रीचं काय?" त्याला सोडण्याच्या अहवालात मी लिहिलं, 'नवीन पुरावा मिळाल्याने निर्दोष आढळला.' त्यातला 'नवीन' हा शब्द खोटा होता. माझ्या निरोप समारंभात हीच केस माझी कामगिरी म्हणून सांगितली गेली.

मिस्त्री सुटला, पण लोक त्याच्याकडे जुनी वस्तू द्यायला बिचकू लागले. काही वर्षं तो बांधकामावर सेंटरिंगच्या फळ्या ठोकत होता, मग हळूहळू पुन्हा दुकानात बसू लागला.

निवृत्तीनंतर मी माझी जुनी खुर्ची घेऊन त्याच्या दुकानी गेलो आणि लाकूड ओळखायला शिकायचंय म्हणालो. त्याने मला ओळखलं. बराच वेळ खुर्ची उलटी करून पाहिली.

"रंधा मारू का साहेब?" तो म्हणाला. "का आधी पंच बोलवायचे?"

मी आयुष्यभर सागवानी म्हणत आलो ती खुर्ची आंब्याची निघाली. दर गुरुवारी मी जायला लागलो. पॉलिशवर जायचं नाही, खण काढून आत बघायचं. साग हाताला तेलकट लागतो. शिसवीचं ताजं सालपट गोडसर वासाचं असतं, जांभळट रेघा आतपर्यंत जातात. बाभूळ आतून तांबूस. वजन बघून फसू नका, दोन्ही जड, असं तो बजावायचा.

एका गुरुवारी मी त्याला सांगून टाकलं, की चौथ्या दिवशीच मला कळलं होतं.

त्याचा रंधा थांबला नाही. "म्हाईत हाय. सुटलो त्याच दिवशी हवालदार घरी येऊन रडून गेल्ते."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, मिस्त्री?"

"मी तर पैल्या दिवसापास्नं बोलतच हुतो, साहेब. लिहायचं तुमच्या हातात हुतं."

या केसने मला लाकूड शिकवलं असं मी लोकांना सांगतो. खरं तर एवढंच शिकवलं, की जे आपल्याला कळत नाही ते 'दिसणारे' म्हणून लिहावं, आणि जे कळलं ते त्याच दिवशी लिहावं. ते मी आज लिहितो आहे. जप्त केलेले मेज काळ्या रंगाचे, शिसवीसारखे दिसणारे होते. ते बाभळीचे होते. ते मिस्त्रीचे होते. आणि चौथ्या दिवसापासून हे मला माहीत होते.