तेल भरताना आईची शेगडी

तेल भरायला जहाज धक्क्याला लागलं की टर्मिनलचा माणूस कागदांची चळत घेऊन वर येतो. आगीचे पाइप अंथरले आहेत का, डेकवरचं पाणी समुद्रात सोडणारी भोकं बुजवली आहेत का, टाक्यांतला प्राणवायू ठरलेल्या मर्यादेखाली आहे का, काही झालंच तर धक्का सोडून निघता यावं म्हणून इंजिन तयार आहे का. तो वाचतो, मी सोबत फिरून दाखवतो, मग दोघंही सही करतो. त्यात एक ओळ काडीपेटी, लायटर आणि मोबाइलची असते. आमच्या जहाजावर सगळ्यांचे फोन बंद होऊन एका पेटीत जातात. भरणी संपेपर्यंत ती पेटी उघडत नाही.

फोन पेटीत टाकण्याआधी मी आईला सांगायचो, "आई, आता तेल भरायला घेतो." फुलसावंगीकडच्या आमच्या खेड्यातून ती कधी समुद्रापर्यंत गेली नाही, पण ही गोष्ट तिला समजावून सांगावी लागली नाही. वेचलेला कापूस घरी आला की आमची पुढची खोली आढ्यापर्यंत भरायची, आणि तो विकला जाईपर्यंत त्या खोलीत दिवा जात नसे. बाबांच्या विडी-काडीची जागा बाहेर, गोठ्याच्या कोनाड्यात. पाहुणा कितीही मानाचा असो, आई दारातच हात पुढे करायची, "काडीपेटी काढा पयले." बाबा गेल्यावरही तिचा तो हात तसाच पुढे येत राहिला. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढ्या धाकाचा टर्मिनलवाला मला भेटलेला नाही.

चूक झाली ती इथे. भरणीचा नियम आईने स्वतःच्या घरालाही लावून घेतला. माझा फोन आला की ती गॅसची शेगडी बंद करायची, देवापुढचा दिवाही शांत करायची. सकाळच्या भाकरी, गूळ-शेंगदाणे, मुरमुरे, यावर दिवस काढायची. चहा नाही, आणि माझी आई चहाशिवाय म्हणजे काय, ते तिच्या तावडीत सापडलेल्यालाच ठाऊक. भरून झालं की पेटीतून फोन काढून मी पहिला तिला लावायचो.

"भरून झालं का?"

"झालं."

"मंग मांडतो चहा."

आणि फोन बंद. कसा आहेस, जेवलास का, काही नाही. मला राग यायचा. हजारो मैलांवरून फोन लावावा आणि आईला चहाची घाई!

शेगडीचं मला वहिनीने सांगितलं. ती शेजारच्या घरात राहते, आईला आत्याबाई म्हणते. सांगताना हसत होती, मीही खूप हसलो. मग आईला समजवायला बसलो. म्हटलं, अगं, आमच्या जहाजावरचं स्वयंपाकघर चालूच असतं. विजेच्या शेगड्या आहेत, टर्मिनलची परवानगी असते, कागदावर तसं लिहिलेलं असतं. तू इकडे उपाशी, अन् मी तिकडे गरम भात-मासे हाणतोय.

"हान ना," ती म्हणाली. "जहाजावरची आग तुम्ही पाहा. माह्या घरची मी पाहतो."

मी नाद सोडला. खरं सांगायचं तर मला ते आवडायलाही लागलं होतं.

एका भरणीला मध्येच विजा चमकू लागल्या. विजा असल्या की भरणी थांबवायची, व्हॉल्व्ह बंद करायचे आणि आभाळ निवळायची वाट पाहायची, असा नियम आहे. ते दोनदा झालं. भरणी लांबली, मग टर्मिनलला धक्का रिकामा हवा म्हणून घाईघाईत निघालो, आणि मी केबिनमध्ये जाऊन मेल्यासारखा झोपलो. उठलो तो ड्यूटीवर. उठल्यावरही मला फोन आठवला नाही. दुसरं कारण नाही, विसरलो. पुढच्या दिवशी जहाजाच्या वाय-फायवर फोन चालू केला तर वहिनीचे निरोपांवर निरोप.

मी लावला तशी ती खेकसलीच, "भाऊजी, फोन काहून नाही केला? तीन दिवस झाले, आत्याबाईनं शेगडी नाही पेटवली. माह्या घरचंही खाऊन नाही राह्यल्या. म्हनतात, भरून झालं असतं तं पोरगं चूप कायले राह्यलं असतं?"

तिने फोन आईकडे दिला. मी काही बोलायच्या आत आवाज आला, बारीक झालेला, "भरून झालं का?"

परवाच झालं होतं. तेव्हापासून मी पाच वेळा गरम जेवलो होतो.

"आत्ताच झालं, आई," मी खोटं बोललो.

"मंग मांडतो चहा."

त्यानंतर मी एकदाही विसरलो नाही. पेटी उघडली की आधी गावी आई, मग शहरात बायको. बायकोने यावरून चिडवायचं कधीच सोडून दिलं होतं.

आई गेली तेव्हा मी सुट्टीवर गावी होतो, हे माझं नशीब. तिची शेगडी वहिनीने पुसून फडताळावर ठेवली आहे. सुट्टी संपली, मी पुन्हा जहाजावर आलो, आणि पहिल्याच भरणीला फोन पेटीत टाकण्याआधी कुणाला सांगायचं ते सुचेना. तसाच टाकला. भरून झालं, पाइप सुटले, पेटी उघडली. बायकोला फोन केला, ती छान बोलली, पोरीच्या परीक्षेचं बोलली. मी ऐकत होतो आणि मला आई हवी होती. तिचा तो बिनमायेचा एका ओळीचा फोन हवा होता.

आता भरणी कितीही लांबू दे, विजा चमकू देत. मी दोन दिवस फोन नाही केला तरी कुणाचा चहा अडत नाही.