पायाची जखम, दमलेलं हृदय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आयसीयूत, इको तपासणीच्या पडद्यावर मी माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, हृदय पाहिलं. पाण्याबाहेर पडलेल्या माशाच्या तोंडासारखं ते उघडत-मिटत होतं.

डॉक्टर मला एकट्याला बाजूला घेऊन म्हणाले, "हृदय मुळात चांगलंय हो. पायाच्या जखमेतला संसर्ग रक्तात पसरला, त्यानं ते दमलंय. आधीच आणायचं ना!"

आधी आणणार होतोच. पण माझ्या मुलीचं लग्न होतं. तापानं फणफणलेल्या दादाला मीच म्हटलं होतं, "अक्षता पडू देत, मग जाऊ दवाखान्यात."

जखम पायाला आणि दमायचं हृदयानं.

दादा वाचला. वहिनी अजून टोमणे मारते, "खा आणखी तंबाखू! हृदय थकवलंत तेवढं पुरे नाही झालं?" दादा ओशाळून हसतो. मी साखर विरघळलेला चहा ढवळत राहतो.

दोष तंबाखूचा नव्हता, माझा होता. एवढं वाक्य मी दादाचं देणं लागतो, वहिनीच्या देखत.