तिसरा रकाना

फोनवर बोलताना ते मान हलवायचे. शब्दागणिक एकदा. पलीकडच्याला दिसत नाही हे ठाऊक असूनही.

दार कितीही उंच असलं तरी वाकूनच आत शिरायचे. बाजूला बघायचं तर नुसते डोळे वळवायचे नाहीत, अख्खी मान वळवायचे. इस्त्रीच्या वाफेनं चष्मा धुरकटला तर पुसायचे नाहीत. काच निवळेपर्यंत जागच्या जागी उभे राहून मनात आकडे मोजायचे. शेजारच्या टीव्हीवर टाळ्या वाजल्या तरी त्यांचे पाय जुळायचे. आणि कुणाच्या अंगात पाठीला चेन असलेला कपडा दिसला की चेन वरपर्यंत लागलीय ना, ते आधी बघायचे. यावरून काकूंनी त्यांना दोनदा लग्नाच्या मांडवातून बाहेर काढलं होतं.

गल्लीत सगळे त्यांना हिरवेकाका म्हणायचे. नव्या लोकांना ते आडनाव वाटायचं. त्यांच्या लाँड्रीच्या पाटीवरही तेच होतं, त्यामुळे खुलासा करायची वेळ फारशी यायची नाही.

खुलासा असा. तरुणपणी नऊ वर्षं काका एका करमणूक बागेत हिरवे होते. तिथल्या उघड्या रंगमंचावर रोज दुपारी पाच वीरांचा खेळ व्हायचा. लाल, निळा, पिवळा, गुलाबी, हिरवा. अंगाला घट्ट पोशाख, डोक्यावर बंद हेल्मेट. एक राक्षस यायचा, मार खायचा, जायचा. संवाद आधीच टेपवर भरलेले. आवाज दुसऱ्याच कुणाचे तरी. हेल्मेटला तोंड नाही, त्यामुळे बोलतंय कोण ते मुलांना कळायचं नाही. म्हणून नियम होता: वाक्य ज्याचं, त्यानं मान हलवायची. बाकीच्यांनी पुतळा व्हायचं.

बाग बंद झाली त्याला बावीस वर्षं झाली. काकांनी लाँड्री काढली. लालनं दोन गल्ल्या सोडून नळ-खिळ्यांचं दुकान टाकलं. बाकीचे तिघं पांगले. काका लालला लाल्या म्हणायचे, लाल त्यांना हिरव्या. दोघांची साठी जवळ आली तरी त्यात फरक पडला नाही.

गेल्या वर्षी वाचनालयातल्या मुलीनं काकांना त्यांच्याच फोनवर एक जपानी कार्टून मालिका लावून दाखवली. साहित्यात पदवी घेऊन ती वाचनालयात पुस्तकांना नंबर घालायची आणि दर सोमवारी दारात भित्तिपत्रक लावायची. तिला वाटलं, काकांना गंमत वाटेल. मालिकेत पाच रंगीत वीर होते आणि पाचही जण कायम उशिरा यायचे. एकाची कामाची पाळी संपलेली नसायची, एकीचा पोशाख वाळलेला नसायचा. राक्षस मात्र वेळेवर हजर. ज्या चौकाचा नाश करायचा तो चौक तो आधी झाडून घ्यायचा. वेळ जायला हवा म्हणून.

काकांनी पहिला भाग बघितला आणि इस्त्री खाली ठेवली.

"यावर मी लिहू का?" त्यांनी विचारलं.

"लिहा की. भित्तिपत्रकात लावते."

"टिंगल आहे आमची."

"मग नको?"

"अगं, छान केलीय."

तेव्हापासून काका दर भागाचं परीक्षण लिहू लागले. कागदावर नाही. शर्टाच्या घडीत घालतात त्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर. पुठ्ठ्याचे तीन रकाने पाडायचे. पहिला, आवाज बंद. दुसरा, आवाज सुरू. तिसऱ्यावर लिहायचं, कुणाबरोबर. प्रत्येक भाग ते तीनदा बघायचे. हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही म्हणून पहिल्यांदा बिनआवाजी. मग आवाजासकट. तिसऱ्यांदा दुसऱ्या कुणाला तरी शेजारी बसवून. त्या वेळी पडद्याकडे कमी बघायचं, शेजाऱ्याकडे जास्त. तिसऱ्या रकान्यात बहुतेकदा काकू असायच्या. उदाहरणार्थ: "सौ. राक्षसाच्या बाजूनं. म्हणाली, झाडणारा पुरुष पहिल्यांदा बघतेय."

चौथ्या भागाचा पुठ्ठा चुकून एका गिऱ्हाइकाच्या शर्टात गेला. पुढच्या आठवड्यात तो गृहस्थ इस्त्रीला काही न आणताच आला आणि पाचव्या भागाचं काय झालं म्हणून विचारू लागला.

पुठ्ठ्यावरचा मजकूर मुलगी उतरवून घ्यायची आणि काटछाट करायची. त्यावरून दोघांची दर वेळी जुंपायची.

"काका, इथे विडंबन हा शब्द घालते."

"घाल. पण राक्षसाच्या वाक्यानंतर. आधी लोकांना हसू दे."

"आणि हे चेनचं काढू? फार लांबलंय."

"चेनचं काढलंस तर माझं नावही काढ. अगं, पोशाखाची चेन पाठीला असते. स्वतःची स्वतःला लावता येत नाही. म्हणून ते एकामागे एक उभे आहेत. लोकांना वाटतं काय शौर्याचा पवित्रा आहे. हे ज्यानं काढलंय ना, त्यानं जवळून बघितलंय. टिंगल करायची तर आधी इतकं जवळ यावं लागतं."

चेन राहिली.

सातव्या भागानं घोटाळा केला. त्यात पाचही वीर राक्षसाला दम देतात. हेल्मेटमुळे बोलतंय कोण ते राक्षसाला कळत नाही. तो नम्रपणे विचारतो, "माफ करा, यातलं कोण बोललं?" मग जो बोलेल तो मान हलवू लागतो. शेवटी एक जण दुसऱ्याच्या वाक्यावर मान हलवतो आणि राक्षस चुकीच्या माणसाला बदडतो. काका इतके हसले की काकूंनी पाणी आणून दिलं. परीक्षणात त्यांनी लिहिलं, "हे असंच असतं. आम्हीही असेच दिसत असू. नऊ वर्षं मी आत होतो, समोरून आत्ता पहिल्यांदा बघितलं."

सोमवारी ते भित्तिपत्रकावर लागलं. मंगळवारी सकाळी लाल्या लाँड्रीत उभा.

"तुला हसू येतं यावर?"

"बस तरी."

"बसायला नाही आलो. दुसऱ्याच्या वाक्यावर मान. हे तू लिहितोस? तू?"

"लाल्या, कार्टून आहे ते."

"माझी पोरगी पहिल्या रांगेत होती, हिरव्या. शेवटचा खेळ होता. माझं वाक्य होतं. ते तू खाल्लंस. आणि आता भिंतीवर लावून दात काढतोस." तो दारापर्यंत गेला आणि वळला. "यापुढे एक ओळ जरी लिहिलीस ना, तर माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस. खिळा लागला तरी दुसरीकडून घे."

ही तक्रार जुनी होती. बावीस वर्षांत गल्लीतल्या प्रत्येक लग्नात, बारशात लाल्यानं ती ऐकवली होती. आतापर्यंत हसत. या वेळी तो हसला नाही. काकांनी पुढचा शर्ट ओढला. वाक्य खाल्लं होतं ते खरंच होतं.

पूर्ण खरं फक्त काकूंना माहीत होतं. शेवटच्या खेळात टेपवर लालचं निरोपाचं वाक्य आलं. "घाबरू नका. हाक मारा, मी आहेच." लालनं मान हलवायची होती. लाल हलला नाही. हिरवा त्याच्या शेजारीच होता. लालचे खांदे थरथरताना त्याला दिसले. हेल्मेटच्या आत लाल रडत होता. आवाज चालू आणि पाचही पुतळे. मुलं माना वळवून खांबावरच्या कर्ण्याकडे बघायला लागली. दोन शब्द असेच गेले. तिसऱ्याला हिरव्यानं मान हलवली. खेळ संपल्यावर लालची सहा वर्षांची पोर धावत वर आली आणि हिरव्याच्या पायाला मिठी मारून उभी राहिली. लालनं ते बघितलं. आपली मान हलली नव्हती हे त्याला कधीच कळलं नाही. हेल्मेटची काच आतून धुरकटली की आपण काय करतोय ते आपल्यालाही दिसत नाही.

"सांगून टाका ना एकदाचं," काकू म्हणाल्या.

"काय सांगू? पोरीपुढे तू रडत राहिलास, मान हललीच नाही म्हणून? माझ्यावर रागवायला त्याला सोपं जातं. स्वतःवर रागवायला लावू होय?"

"मग लिहिणं तरी सोडा."

"ते कसं सोडू? पाच भाग राहिलेत."

काकांनी लिहिणं सोडलं नाही. आठ, नऊ, दहा, अकरा. लाल्यानं शब्द पाळला. त्याचे शर्ट लाँड्रीत यायचे थांबले. काका बाजारात जायला लांबची वाट धरू लागले. नळ गळत होता, तो त्यांनी फडकं बांधून तसाच ठेवला. काकू बडबडल्या. नळाची चकती लाल्याकडेच घ्यायची, दुसरीकडून नाही, एवढंच ते म्हणाले.

बारावा भाग शेवटचा. गुरुवारी त्यांनी तो बिनआवाजी बघितला, शुक्रवारी आवाजासकट. या भागात वीर गाव सोडून निघतात. गुलाबीला निरोपाचे दोन शब्द बोलायचे असतात. तिचा आवाज येतो, पण ती हलत नाही. तिच्या हेल्मेटची काच आतून धुरकटलेली दिसते. शेजारचा पिवळा हळूच मान हलवायला लागतो. राक्षस हे बघतो. कुणाला काही सांगत नाही. खराटा उचलतो आणि चौक झाडायला लागतो.

शुक्रवारी दुपारी वाचनालयातली मुलगी लाँड्रीत आली तेव्हा काका फोनवर होते. मान हलत होती.

"रविवारी ये. वीस मिनिटांचं आहे. बघ आणि मग शिव्या दे." थोडं थांबले. "नाही, मी काही बोलणार नाही. तू बघ फक्त." पुन्हा थांबले. "चार. आणि येताना नळाची चकती आण, पाऊण इंची."

त्यांनी फोन ठेवला.

"येणार?" मुलीनं विचारलं.

"आधी नाही म्हणाला. मग किती वाजता म्हणून विचारलं."

"आणि परीक्षण? सोमवारी लावायचंय मला."

"रविवारी संध्याकाळी देतो. तिसऱ्यांदा बघायचंय अजून."

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास काका इस्त्री करता करता स्टुलावर बसले. काकू आतून आल्या तेव्हा भिंतीला टेकलेले होते. इस्त्री उभी करून ठेवलेली. शर्टाची एक बाही झालेली. डॉक्टर आले आणि म्हणाले, त्यांना कळलंही नसेल.

रविवारी चार वाजता लाल्या आला. घरात माणसं होती. आत जाऊन त्यानं नळाचं फडकं सोडलं, चकती बदलली, नळ दोनदा सोडून बंद करून बघितला. मग बाहेर येऊन काकूंसमोर उभा राहिला.

"वहिनी, काय दाखवणार होता तो मला?"

काकूंनी काकांचा फोन त्याच्या हातात दिला. तो त्यानं बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग खिशात घातला. "घेऊन जातो," म्हणाला.

फोन अजून त्याच्याकडेच आहे. त्यानं तो उघडला की नाही ते काकूंनी विचारलेलं नाही.

पुठ्ठा इस्त्रीच्या टेबलाखाली सापडला. पहिला रकाना भरलेला. दुसराही जवळजवळ भरलेला. त्यातली शेवटची ओळ अशी आहे: "पिवळ्यानं मान हलवली ती चूक नव्हे. इथे लाल्याला विचारायचं, की"

त्यापुढे काही नाही. तिसऱ्या रकान्यावर ठळक अक्षरात लाल्या असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. त्याखाली पुठ्ठा कोरा आहे.