तुआस ते चांगी, पाच फेऱ्या

जूनच्या सुट्टीत ॲडलेडहून डार्विनपर्यंत गाडीने जायचं, हे नवऱ्याच्या डोक्यातलं खूळ. ऑस्ट्रेलियाच्या पोटातून सरळ वर, तीन हजार किलोमीटर. त्याने एक्सेलची शीट केली होती: कुठून कुठे, किती अंतर, मुक्काम कुठे. सिंगापूरला येऊन आम्हाला दहा वर्षं झाली होती. दोघांकडे लायसन्स होतं, पण गाडी कधी घेतली नाही. तो तुआसला कंपनीच्या बसने जातो, मी पाया लेबारला एमआरटीने, म्हणजे मेट्रोने.

तेव्हा माझे बाबा साताऱ्याहून सेंगकांगला आमच्याकडे राहायला आले होते. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर. इथे त्यांना करायला काहीच नव्हतं. सकाळी खाली जाऊन एलआरटीत, म्हणजे वस्तीभोवती आपोआप फिरणाऱ्या छोट्या रेल्वेत बसायचे आणि अख्खी फेरी मारून यायचे. "पुढच्या काचेशी उभा राहतो. ड्रायव्हरच नाही गाडीला. कुणीतरी लक्ष द्यायला हवं," असं म्हणाले होते एकदा, आणि ते गंमत करत होते की नाही ते मला कळलं नव्हतं.

एका शनिवारी जेवणं झाल्यावर नवऱ्याने त्यांना लॅपटॉपवर ती शीट दाखवली. दाखवायची म्हणूनच. बाबांनी चष्मा लावला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. कूबर पीडी ते ॲलिस स्प्रिंग्ज, सातशे किलोमीटर, एका दिवसात.

"सूर्य किती वाजता मावळतो तिथे?"

नवऱ्याने शोधून सांगितलं, "सहाच्या आसपास."

"मग तुम्ही अंधारात पोहोचणार. रस्त्यावर जनावर कुठलं असतं?"

"कांगारू," आमची नऊ वर्षांची लेक म्हणाली. "अँड इमू, आजोबा."

बाबांनी मग फलटणच्या रस्त्यावरची एक संध्याकाळ सांगितली. समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड डोळ्यांवर होता, तो गेला आणि दहा पावलांवर रस्त्याच्या मधोमध म्हैस बसलेली. बस थांबली, पण फलटण येईपर्यंत त्यांनी दुसरा गिअर सोडला नाही. ही गोष्ट मी त्यांची मुलगी असूनही पहिल्यांदाच ऐकत होते.

"चालवणार कोण?" त्यांनी विचारलं.

"आम्ही दोघं आलटून पालटून," मी म्हटलं.

"शेवटची कधी चालवलीस?"

मी बोटांवर वर्षं मोजायला लागले. "उद्या गाडी भाड्याने आणा," ते म्हणाले. "मी बघतो."

सिंगापुरात लांब जायचं म्हटलं तरी जायचं कुठे, पन्नास किलोमीटरच्या आत बेट संपतं. म्हणून रविवारी आम्ही बेटाच्या पश्चिम टोकाचं तुआस ते पूर्व टोकाचं चांगी आणि चांगी ते तुआस अशा फेऱ्या मारायच्या ठरवल्या. बाबा पुढे नवऱ्याशेजारी, आम्ही दोघी मागे. पहिल्या फेरीत नवरा ऑफिसच्या गोष्टी सांगत होता. दुसरीत लेकीशी कोडी खेळला. तिसऱ्या फेरीत जुराँगच्या पुढे बाबा एकदम म्हणाले, "गाडी बाजूला घ्या."

"का? मी ठीक आहे."

"दहा मिनिटं झाली, तुम्ही बोलला नाहीत. ड्रायव्हर गप्प झाला की तो झोपेकडे निघालेला असतो."

पेट्रोल पंपावर थांबलो. नवऱ्याने तोंडावर पाणी मारलं आणि कबूल केलं, की मधला थोडा रस्ता त्याला आठवतच नव्हता. त्याला हसू येत होतं, पण चेहरा उतरला होता.

पुढच्या दोन फेऱ्या माझ्या. हात स्टिअरिंगला चिकटल्यासारखे झाले होते. मागून एक मोठा कंटेनर अगदी जवळ आला, तसा मी वेग वाढवायला लागले. बाबा शांतपणे म्हणाले, "त्याला घाई आहे, तुला नाही. आपली लेन धर, तो जाईल." तो गेला. चांगीला गाडी लावल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "ब्रेक बरा आहे तुझा." त्यांच्या तोंडून हे ऐकून मला शाळेत नंबर आल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर लेकीच्या जुन्या वहीत त्यांनी नवीन वेळापत्रक लिहिलं. सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, दर दोन तासांनी चहा, पंधरा मिनिटं. सहा दिवसांचे अकरा झाले. चारच्या पुढे गाडी रस्त्यावर नाही. नवऱ्याने निमूटपणे शीट बदलली.

तेव्हा लेक तिच्या सिंगापुरी वळणात म्हणाली, "पण आजोबा नॉट कमिंग, मग थांबायला कोण सांगणार लाह?"

बाबांना एवढा प्रवास झेपणार नाही, असं आम्ही त्यांना न विचारताच धरून चाललो होतो. बाबा वहीतल्या रेघा पुन्हा पट्टीने ओढत बसले होते. "माझं परतीचं तिकीट मेचं आहे," ते म्हणाले.

"तिकीट बदलता येतं," नवरा म्हणाला. "तुम्ही याल का?"

"चालवू देणार नाहीत मला."

"नाहीच देणार. तुम्ही शेजारी बसायचं."

बाबांनी जरा विचार केला. "एवढा सरळ रस्ता मी कधी पाहिला नाही," ते म्हणाले. त्यांचा होकार तो एवढाच.

तीन आठवड्यांनी त्यांचा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आल्याचा ईमेल मला ऑफिसात दिसला. मी जिन्यात जाऊन त्यांना फोन केला.

"बरं," ते म्हणाले. "तिथल्या गाडीला स्टेपनी एक देतात की दोन, ते विचारून घे."