पाळीवरची गाडी

एकोडीत कुणाच्या छातीत दुखो की कुणाची सून अडो, माणसं फोन शोधत नसत. तलावाच्या उंच पाळीकडे धावत. तिथे केशवरावांची मारुती उभी असे, नाक उताराकडे करून. तिचा सेल्फ कधीचाच गेला होता. हँडब्रेक सोडायचा, गाडी उतरू लागली की दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, की झाली सुरू!

केशवराव शाळेतले निवृत्त शिपाई. नोकरीत असताना घेतलेली ही गाडी बौद्ध मोहल्ल्यातली पहिली. वीस वर्षांत तिनं गावातल्या किती अडलेल्या बाया साकोलीच्या दवाखान्यात पोचवल्या, त्याची गणतीच नाही. पेट्रोलचं विचारणाऱ्यावर केशवराव असे डोळे वटारत, की तो पुन्हा विचारत नसे. मुलगा संघपाल नागपूरहून कानीकपाळी ओरडे, "बाबा, भंगारात द्या आता." म्हातारा भडके, "म्हातारी झाली म्हणून मायले इकशील का रे?"

यंदा धान रोवण्याच्या दिवसांत, भरदुपारी, शेजारचा डोमा शेताच्या बांधीतच छाती धरून कोसळला. त्याची बायको बायजाबाई चिखलाच्या पायांनी पाळीवर धावत आली. एकानं १०८ ला फोन लावायला घेतला, तर लोक म्हणाले, "कायले? भाऊची गाडी हाय ना!" केशवरावही ऐटीत म्हणाले, "ठेव तो फोन."

डोमाला उचलून आणून मागच्या सीटवर निजवलं. गाडी उतरली, गुरगुरली, पण सुरू झाली नाही. दहा जणांनी ढकलत पुन्हा वर चढवली, पुन्हा सोडली. असं तीनदा. अर्धा तास गेल्यावर कुठे फोन केला. रुग्णवाहिका आली खरी, पण डोमा साकोलीच्या अलीकडेच गेला.

गावानं केशवरावांना एका शब्दानं दुखवलं नाही. डोमाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी बायजाबाईच म्हणाली, "तुमी तं लय केलं, भाऊ." अरे, त्यापेक्षा तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं! 

आठवड्याभरात भंगारवाला ट्रॅक्टर घेऊन आला. तो मारुतीला दोर बांधत असताना बायजाबाई लगबगीनं पाळीवर आली.

"काहून इकून राहिले, भाऊ? गाव मंग कोनाच्या भरवशावर राहीन?"

"त्याच्यापायीच तं इकून राहिलो, वहिनी. ही इथं उभी हाय, तोपर्यंत कोनी फोन लावत नाही." केशवरावांनी दोराची गाठ ओढून पाहिली. "त्या दिवशी फोन मीच ठेवाले लावला होता."

 बायजाबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"मालूम हाय मले, भाऊ. मी तिथंच होती."