नटीला वऱ्हाडी शिकवताना

ती बाई मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. आजही आवडत नाही. तरी तिच्याशी मी जे केलं, ते लिहून ठेवायला पाहिजे असं अलीकडे वाटायला लागलं आहे.

मी तेव्हा अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होते. त्या वर्षांत मुंबई-दिल्लीहून कोणीही उठायचा आणि कॅमेरा घेऊन वऱ्हाडात यायचा. एखाद्या घरातल्या शेतकऱ्याने कर्जापायी जीव दिला की तेरावा व्हायच्या आत दारात गाडी उभी. उतरणारी माणसं पाण्याची बाटली हातात धरूनच ओसरीवर चढायची आणि बायकांना विचारायची, आता कसं वाटतंय? अकोटच्या अलीकडे खारपाणपट्ट्यात आमचं गाव. माझा चुलतभाऊ तसाच गेला, तेव्हा अशा गाड्या आमच्याही दारात येऊन गेल्या होत्या. माझ्या वहिनीने एकालाही उत्तर दिलं नाही. मलाही दिलं नाही. मी दर पंधरा दिवसांनी यष्टीने गावी जायची, तिच्याजवळ बसायची, आणि ती तूर पाखडत राहायची.

वहिनीबद्दल कुठेतरी छापून आलेलं वाचून मुंबईचा एक तरुण दिग्दर्शक सिनेमा करायला निघाला. मागे राहिलेल्या बाईची गोष्ट. बाईचं काम करणार होती एक नामांकित नटी. आम्ही अमरावतीला होस्टेलवर शिकत होतो तेव्हा ती ऐन भरात होती. प्रत्येक सिनेमात तिची दोन-तीन गाणी, ओल्या साड्या, उघडी पाठ. पोरी तिचे फोटो ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवायच्या. आता ती पन्नाशीला आली होती आणि तिला वऱ्हाडी बोलता येत नव्हतं. आमच्या प्राचार्यांनी माझं नाव सुचवलं. उन्हाळ्याच्या सुट्या होत्या. मी हो म्हटलं. भाषेच्या प्रेमापोटी म्हटलं असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला तिला जवळून पाहायचं होतं, आणि पाहून नाक मुरडायचं होतं.

अकोल्यातलं एकही हॉटेल तिला चाललं नाही. म्हणून ती उतरली अमरावतीला, नांदगाव पेठेच्या बाजूच्या एका नव्या हॉटेलात. मी यष्टीने घामाघूम होऊन पोहोचले, तर तिने मला दीड तास खाली बसवून ठेवलं. वर गेले तेव्हा ती गाऊनमध्ये पाय वर घेऊन बसली होती. चेहऱ्यावर काहीतरी पांढरं लावलेलं.

"तुम्ही लोक सारखे भांडल्यासारखे का बोलता हो?" हे तिचं पहिलं वाक्य.

"आमी भांडत नाई," मी मुद्दाम वऱ्हाडीतच म्हटलं, "तुमाले तसं आयकू येते."

"आयकू," ती म्हणाली आणि हसली.

त्या हसण्याच्या रागावर मी पुढचे दहा दिवस जगले.

शिकवण्याचं काम सोपं नव्हतं. 'मला'चं 'मले' व्हायचं, पण ते ती एखाद्या औषधासारखं उच्चारायची. 'मी जाते आहे'साठी 'मी जाऊन राहिली' म्हणताना मधे थांबायची, जणू पायरी चुकेल. मी एकच वाक्य वीस-वीस वेळा म्हणून घ्यायची. वर्गातल्या पोरांना मी इतकं कधी छळलं नाही. ती कंटाळली की विषय बदलायची, आणि तिचा विषय एकच होता. न मिळालेली कामं.

माणसं आपल्या मिळालेल्या गोष्टी सांगतात. ही हातातून गेलेल्या सांगायची. एका सिनेमातली नर्सची भूमिका तिने सोडली, कारण पांढऱ्या साडीत ती जाड दिसायची. तो सिनेमा पुढे वर्षभर चालला. एकदा लंडनला नाचाचा कार्यक्रम होता म्हणून एका नामवंत दिग्दर्शकाला तिने तारखा दिल्या नाहीत. त्याने पुन्हा कधी विचारलंच नाही. आणि एक भूमिका होती लेकरू गमावलेल्या खेड्यातल्या बाईची. त्या भूमिकेबद्दल ती जास्त वेळा बोलायची. पहिल्या दिवशी म्हणाली, मीच नकार दिला, आईची कामं करायचं माझं वय नव्हतं. चार दिवसांनी म्हणाली, निर्मात्याशी बिनसलं. आणखी दोन दिवसांनी म्हणाली, हिरोने माझा पत्ता कापला.

मी सरावाच्या वहीच्या मागच्या पानांवर हे सगळं टिपून ठेवत होते. मास्तरणीची सवय. तिसऱ्या वेळी मी वही उघडून वाचून दाखवलं. "मॅडम, यातलं खरं कोणतं?"

तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मग ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही नवऱ्याशीही असंच बोलता का?"

माझं लग्न झालेलं नव्हतं, हे तिला माहीत होतं. वही बंद करून मी म्हटलं, "पुढचं वाक्य घ्या."

दहाव्या दिवशी दिग्दर्शकाने ठरवलं की मॅडमनी वहिनीला एकदा भेटावं. मी विरोध केला. वहिनी कोणाशी बोलत नाही, उगीच तिला त्रास, असं म्हटलं. पण निरोप गेला आणि आश्चर्य म्हणजे वहिनी हो म्हणाली. आम्ही दोन गाड्यांनी दर्यापूरवरून गावी गेलो. मे महिन्याचं ऊन, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली वावरं. बाई माझ्याच गाडीत काळा चष्मा लावून मागे बसली होती, आणि तिने एकदाही बाहेर पाहिलं नाही.

वहिनी वावरातून आली ती कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भारा डोक्यावर घेऊन. भारा टाकला, पदराने तोंड पुसलं आणि नटीला खालून वर पाहिलं.

"हे मी होनार आहे काय?" तिने मला विचारलं. "हिचे हात तं पाह्य, कसे मऊ."

मला फार बरं वाटलं. मी चहा करायला आत गेले. आमच्याकडचं पाणी खारट. त्याचा चहाही खारट लागतो, बाहेरच्या माणसाला पहिला घोट गिळवत नाही. मी कपबशी तिच्या हातात दिली आणि तिने तोंड वाकडं करावं म्हणून समोर उभी राहिले. ती घोट घोट प्यायली. मग कप पुढे करून म्हणाली, "अजून अर्धा मिळेल?"

तो अर्धा कप करायला मी पुन्हा चुलीपाशी गेले. दिग्दर्शक आणि त्याची माणसं गोठ्याचे फोटो काढत होती. ओसरीवर त्या दोघीच. दाराच्या आडून मला ऐकू येत होतं.

 मग वहिनीचा आवाज आला, अगदी साधा, बाजारातली गोष्ट सांगावी तसा. "लोकं म्हनत, ते रडली नाई. माहेरचेबी म्हनत. मी रडली नाई हे खरं आहे. त्याईले आनलं तवा बैलं तहानेले होते. मी बैलाईले पानी दाखोलं. मंग भांडे घासत बसली. आंगनात शंभर मानसं, अन् मी भांडे घासून राहिली."

 तीन वर्षं मी वहिनीजवळ येऊन बसत होते. मला तिने यातला एक शब्द सांगितला नव्हता. खरं म्हणजे, न रडणाऱ्या वहिनीबद्दल बाकीच्यांनी जे म्हटलं, ते मीही मनात म्हटलं होतं. आणि बहुतेक तिला ते कळलं होतं.

मग नटी बोलली. मी शिकवलेली वाक्यं नव्हती ती.

"मीबी तेच केलं होतं माय. एका सिनेमासाठी डायरेक्टरनं माही परीक्षा घेतली. लेकरू गेलं असं समज अन् करून दाखव म्हने. मी रडली नाई. तिथं एक बादली होती, ते घेतली अन् फरशी पुसत बसली. त्यानं मले थांबोलं. म्हने, तुले दुःख समजतच नाई, तू नाचाचंच काम कर. दुसरीले घेतलं. ते रडली. तिले बक्षीस भेटलं. मी थेटरात तोंड झाकून तीन डाव पाहून आली."

"मंग तुह्यं बरोबर होतं," वहिनी म्हणाली.

"हाव. पन मी कोनाले सांगतलं नाई. मीच नाई म्हटलं, असं सांगत आली."

एकही पायरी चुकली नाही. सूर, ओढ, 'हाव' म्हणताना मान किंचित खाली जाणं, सगळं आमचं होतं. दहा दिवस माझ्यापुढे औषध पिणारी बाई माझ्या वहिनीसमोर गावातली झाली होती. मी चहा नेऊन ठेवला तशी ती गप्प झाली. वहिनीही. दोघींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती परक्या माणसाकडे पाहायची नजर होती.

परतीच्या वाटेवर बाई पुढच्या गाडीत बसली. दिग्दर्शक माझ्यासोबत होता. त्याला मराठीच धड येत नव्हतं, वऱ्हाडी कुठून समजणार. आवाज चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित करायचा होता, नंतर दुसरीचा आवाज घालता येणार नव्हता, आणि तिच्याबद्दल तो आधीपासून साशंक होता. नागपूरची एक नाटकातली नटी त्याने मनात धरून ठेवली होती, हे मला माहीत होतं. त्याने हिंदीत सरळ विचारलं, "सच बताइए, मॅडमसे होगा?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. आणि म्हटलं, "नाही जमणार. चेहऱ्यावर दुःख उमटत नाही आणि भाषा तर नाहीच."

वाक्य मी विचार करून बोलले होते. पहिला अर्धा भाग तिला फरशी पुसताना थांबवणाऱ्या त्या डायरेक्टरचा आहे, हेही मला कळत होतं.

दोन दिवसांनी, सरावासाठी तिच्याकडे राहिलेली वही परत घ्यायला मी हॉटेलवर गेले. तिच्या बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या होत्या. या वेळी तिने मला ताटकळत ठेवलं नाही. चेहऱ्याला काही लावलेलं नव्हतं.

"तुमीच सांगतलं ना?" ती वऱ्हाडीतच बोलली.

"हो."

"तुमी दाराआड होत्या. आयकलं होतं तुमी."

"हो."

"काहून केलं मंग?"

  मी म्हटलं, "ती माझी वहिनी आहे."

 ती शहरी मराठीत, फार सभ्यपणे म्हणाली, "तुमची वही टेबलावर आहे. मागची पानं मी फाडून घेतली आहेत."

सिनेमा नागपूरच्या बाईला घेऊन झाला. अकोल्यात लागला तेव्हा मी वहिनीला दाखवायला आणलं. पडद्यावर प्रेत अंगणात येतं आणि ती बाई धाय मोकलून रडते, माती उचलून डोक्यात घालते. थेटरातल्या बाया डोळे पुसत होत्या. वहिनीने माझा दंड धरला. "हे कोन होय? मी अशी केली होती का व ताई?"

मी पडद्याकडे बोट करून तिला पुढचं पाहायला सांगितलं.

"ते मुंबईची काहून नाई आली? ते आपल्या घरी आली होती, तिले तं समजत होतं."

"मुंबईला दुसरं काम निघालं तिला," मी सांगितलं.

पुढे टीव्हीवर एका मुलाखतीत मुंबईच्या त्या नटीला कोणीतरी या सिनेमाबद्दल विचारलं. ती म्हणाली, ती भूमिका मीच सोडली, शेतकऱ्याच्या दुःखावर नाव कमवावं असं मला वाटलं नाही. वर मान करून, दागिन्यांनी लखलखत ती हे बोलली. ते खोटं आहे हे सांगू शकणारी मी होते, आणि माझं तोंड बंद होतं. मला तिचा संताप आला. मी केलेल्या गोष्टीतूनही ती स्वतःसाठी शोभेची वस्तू घडवून घेत होती.

वर्षभराने मी वहिनीला खरं सांगितलं. ती सरकी भिजवत होती. सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही विचारलं नाही. हात धुतले, लुगड्याला पुसले.

"तिनं माह्यं काम केलं असतं तं लोकाईले समजलं असतं, मी काहून रडली नाई ते," ती म्हणाली. "आता सारे म्हनतात, सिनेमातल्यावानी रडली असन."

मग तिने सरकीचं टोपलं उचललं. "उठा ताई. यष्टी जाईन तुमची."

यष्टीला अजून तास होता. मी उठले आणि फाट्यावर जाऊन उन्हात उभी राहिले. वहिनी अजूनही अकोल्याच्या बाजारात येते, पण माझ्या घराची पायरी चढत नाही.